काळी घोंगडी

डोंगरकड्याच्या वरच्या माळावर आमची वस्ती होती. घरी मेंढरं होती आणि घोंगडीचा मागही. आई लोकर कातायची, वडील विणायचे. विणणारा मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसे; बाईनं त्या खड्ड्यात उतरायचं नाही, असा आमच्यात दंडक होता.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. निजामाचं राज्य होतं. त्या भादव्यात शेजारच्या वस्तीवरच्या एकाला अस्वलानं फाडलं. तेव्हापासून माणसं कुऱ्हाडीशिवाय बाहेर पडत नव्हती. एका दुपारी मेंढी चुकली, म्हणून वडील आणि धाकटे काका दोन वाटांनी शोधायला गेले. धुकं दाटलं होतं, वर भुरभुर पाऊस. वडील काळ्या घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन झुडपाआड टेकले. पलीकडून आलेल्या काकांना काहीतरी काळं हललेलं दिसलं आणि त्यांनी कुऱ्हाड फेकली.

ते काळं "आई गं" म्हणालं, तेव्हा काकांना कळलं.

त्यांनी वडिलांना पाठीवर घालून आणलं. चिंचोक्याच्या खळीनं कडक झालेली जाड घोंगडी होती, म्हणून जीव वाचला. खांदा मात्र फुटला होता. काका उंबऱ्याबाहेरच बसले.

"वैनी, म्या दादाला अस्वल समजलो."

आईनं जखमेत हळद दाबली. मी कधी काकांच्या हाताकडे बघत होते, कधी वडिलांच्या खांद्याकडे. मला रडूसुद्धा येईना.

वडील उठले, पण उजव्या हातानं आडव्या धाग्याचा धोटा फेकता येईना. अर्धी घोंगडी मागावर तशीच पडून होती. एका सकाळी आई पदर खोचून खड्ड्यात उतरली. वडील कुऱ्हाड लागली तेव्हाही इतके हादरले नसतील.

"काय करून राहिलीस? लोक काय म्हणतील?"

"लोकायनं लेकरं पोसावी मंग."

वस्तीवरच्या बाया दारातून बघून तोंडाला पदर लावून माघारी गेल्या. काका आले, खड्ड्यातल्या आईकडे बघत उभे राहिले आणि मुकाट्यानं लोकर पिंजायला बसले. त्या घोंगडीला आईनं पांढऱ्या लोकरीचा रुंद पट्टा घातला.

"ह्यो काहून?" वडिलांनी विचारलं.

"धुक्यात माणूस दिसावा."

पुढं मेंढके तसाच पट्टा मागू लागले. काकांनी मात्र पुन्हा घोंगडी अंगावर घेतली नाही. पावसात ते गोणपाट पांघरून फिरत. वडील मागाच्या काठावर बसून आईला चुका सांगत. ती काही ऐके, काही सोडून देई.