रिकाम्या हॉलमधला ड्रमवाला

एका संध्याकाळीत माणसाची किती शोभा होऊ शकते, ते सांगतो. आधी चहा घ्या, कारण माझ्याबद्दल तुमचं जे काही बरं मत असेल, ते कप संपेपर्यंतच टिकणार आहे.

मी मूळचा पुण्याचा. नोकरीसाठी हैदराबादला आलो आणि बरकतपुऱ्यात वडिलांच्या लांबच्या चुलतभावाकडे, विनायककाकांकडे, गच्चीवरच्या खोलीत राहायला लागलो. काकांची ही या गावातली चौथी पिढी. शिक्षण खात्यातून निवृत्त. माझ्याबरोबर एक बॅग आली आणि एक ड्रमसेट. बॅगेबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

ड्रमबद्दल शेजारच्या रावगारूंची, म्हणजे आपल्याकडच्या रावसाहेबांची, होती. घरी माइकबिइक नसतो, ड्रम मोकळे असतात, त्यामुळे काठी इकडे पडली की रावगारूंच्या फडताळातली भांडी तिकडे वाजायची. शेवटी एक दिवस काका वर आले.

"हे बघ, तुझा एक कार्यक्रम ऐकतो. तुझ्या काकूला आणि रावांनाही आणतो. वाजवणं असलं तर खोली तुझी. नुसती गडबड असली तर हे सामान नक्को."

आता ड्रमवाल्याला खोली कोण देतो? तुम्ही द्याल? माझा सगळा जीव त्या खोलीत अडकलेला.

कार्यक्रम होता कोठीजवळच्या एका हॉलमध्ये, साडेसातला. इथे माझी अक्कल पाहा. या शहरात दिलेल्या वेळेत दोन-अडीच तास मिळवायचे असतात, हे मी शिकलो होतो. पत्रिकेत आठ असले की लग्नाचं जेवण अकराला. म्हणून मी काकांना ठासून सांगितलं, "पाचला या, पहिल्या रांगेत तीन खुर्च्या धरून ठेवतो."

पाचला मी स्टेजवर ड्रम लावत होतो. माइकवर वाजवायचं असलं की सगळं उलटं करावं लागतं. मोठ्या ड्रमच्या पोटात उशी कोंबायची, बाकीच्यांवर टेपचे तुकडे चिकटवायचे, घुमणं पार मारून टाकायचं. मग त्या मेलेल्या आवाजाला माइक आणि स्पीकर मोठं करतात. स्पीकर बंद असले, तर ऐकणाऱ्याला वाटावं की कुणीतरी गादी झोडतंय.

आणि स्पीकर बंदच होते. साउंडवाले सलीमभाई हॉलच्या मागच्या टोकाला कानाला हेडफोन लावून आवाज तपासायला बसले होते.

"किक मारो," ते म्हणाले.

मी पायाने मोठा ड्रम वाजवला. धप्प.

"और."

धप्प.

"मारते रहो."

असा एकेक ड्रम. हा नीट बसला की पुढचा. बराच वेळ. मला कंटाळा आला, म्हणून मधेच हात मोकळा करून एक झकास तुकडा वाजवला.

"नक्को भाई!" सलीमभाई ओरडले. "एकीच मारो बोला ना मैं."

पुन्हा टप्प. टप्प. डोळ्यांवर दिव्यांचा झोत, समोर नुसता काळोख. तेवढ्यात त्या काळोखातून टाळ्या आल्या. दोन-तीन जणांच्या, सावकाश. लाइटवाले चेष्टा करताहेत असं समजून मीही उठलो, काठ्या छातीशी धरल्या आणि झुकून नमस्कार केला. मग पुन्हा बसलो. टप्प.

शेवटी मागून हाक आली, "बस, बस करो!" आणि मी आत चहा प्यायला गेलो.

साडेसातचा कार्यक्रम साडेआठला सुरू झाला. हॉल गच्च. स्पीकर चालू होताच तीच उशीवाली किक अशी दणाणली की माझ्याच छातीत धडधडलं. खरं सांगतो, इतकं चांगलं मी आयुष्यात वाजवलं नव्हतं. फक्त पहिल्या रांगेतल्या तीन खुर्च्या रिकाम्या. वाटलं, असतील रस्त्यात. हैदराबादच ते.

सकाळी खाली गेलो तर काकूंनी उपम्यावर नेहमीपेक्षा दुप्पट तूप घातलं होतं. काकांनी पेपर बाजूला ठेवला.

"काका, तुम्ही आला नाहीत?"

"आलो होतो की. पाचला पाच कमी असताना. रावही होते."

पुण्याचा मी हैदराबादी झालो होतो आणि चार पिढ्यांचे हैदराबादी काका निघाले पक्के पुणेकर.

"आमच्याशिवाय एक माणूस आला नव्हता रे तुझ्या कार्यक्रमाला," काकू म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

"आणि तू जरा काही वाजवायला गेलास, की तो मागचा माणूस रागवायचा," काका म्हणाले. "शेवटी तर त्यानं ओरडून बंद करायला लावलं. तरी तू उठून नमस्कार केलास. आम्हाला फार वाईट वाटलं."

"काका, ते म्हणजे अजून सुरूच..."

"राहू दे. मी आणि रावांनी रिक्षातच ठरवलं. इतका कच्चा हात असलेल्याची खोली काढून घेतली, तर हा शिकेल कुठे? खोली तुझी. रोज बस. हल्लूहल्लू येईल."

आता बोला. खरं सांगितलं असतं तर काकांनी पुन्हा परीक्षा घेतली असती. मी मान खाली घातली आणि उपमा गिळला.

तेव्हापासून रावगारूंची तक्रार नाही. जिन्यात भेटले की खांद्यावर थोपटतात, "इम्प्रूव्हमेंट उंदी, बाबू." म्हणजे सुधारणा आहे म्हणे. मी तर पूर्वीचंच वाजवतोय.

पण माणसाला शेवटी अभिमान असतो हो. त्या रात्रीच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आलं, तेव्हा मला राहवलं नाही. काका व्हरांड्यात बसले होते, त्यांना काही न सांगता फोनवर लावलं. काका खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून शेवटपर्यंत ऐकत होते.

"वा. हात म्हणतात तो हा. कोण आहे रे हा पोट्टा?"

"आहे एक. इथलाच."

"मग लाजतोस काय? त्याच्याकडे शिकवणी लाव."

"बरं," मी म्हटलं. "विचारून बघतो त्याला."