घोटभर दूध

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिला सगळे आत्या म्हणत. ज्यांची ती आत्या नव्हती तेही म्हणत, आणि साहेब लोकही म्हणत, कारण कॅन्टीनच्या खिडकीपाशी साहेब आणि फिटर यांच्यात फरक एवढाच, की फिटरला भूक जास्त असते. वय पन्नाशी ओलांडलेलं, आवाज भांड्यांच्या खडखडाटावर मात करून करून तयार झालेला, आणि जगाकडे पाहण्याची दृष्टी एकच: समोरच्याच्या पोटात काही आहे की नाही. कोणाची नोकरी गेली, कोणाचं लग्न मोडलं, आत्या सगळं शांतपणे ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "जेवलास का?" नसेल जेवला तर आधी ते. दुःख काय, नंतरही करता येतं.

कॅन्टीनची कुपनं तीन रंगांची. पांढरं चहा-दुधाचं, पिवळं नाष्ट्याचं, लाल जेवणाचं. इतकी वर्षं ही कुपनं गोळा करून आत्याच्या डोक्यात अन्नाची वर्गवारी पक्की झाली होती. लाल म्हणजे खाणं. पिवळं म्हणजे खाण्याची तयारी. आणि पांढरं म्हणजे काहीच नाही, नुसतं तोंड ओलं करणं. दोन पेले चहा आणि चार बिस्किटं पोटात घालून आलेल्या माणसालाही ती "अगं बाई, सकाळपासून उपाशी" असंच म्हणे.

तिची भाची सहा वर्षांची. धाकट्या भावाची मुलगी. तिचे टॉन्सिल इतके वाढले होते, की झोपली की घरभर करवत चाले. आत्यानं तिचं नाव घोरपड ठेवलं होतं, आणि शाळेतलं नाव विचारलं तर मुलगीही आधी तेच सांगे. टॉन्सिल काढायचे ठरले, इस्पितळात दाखल व्हायचा दिवस आला, आणि नेमका मुलीच्या आईला ताप-खोकला झाला. खोकणाऱ्या माणसाला मुलांच्या वॉर्डात येऊ देत नाहीत. भाऊ रंगारी, तो दिवसा कामावर, शिवाय रात्री एकदा झोपला की छत कोसळलं तरी कूस बदलणार नाही. म्हणून सोबतीला आत्या.

दाखल करताना वॉर्डातल्या सिस्टरनं सगळं नीट समजावून सांगितलं. घरच्या एका माणसाला दिवसरात्र मुलापाशी राहता येईल. कुठलंही औषध, कुठलंही इंजेक्शन, कशासाठी ते विचारता येईल, कळलं नाही तर पुन्हा विचारता येईल. ऑपरेशनच्या वेळी मूल झोपेपर्यंत जवळ थांबता येईल. हा भाग आत्यानं कान टवकारून ऐकला. मग सिस्टर घरच्यांनी काय करायचं ते सांगू लागली आणि त्याच वेळी खाटेशेजारच्या कपाटाचा खण अडकला. आत्यानं तो ओढून बाहेर काढेपर्यंत सिस्टरचं सांगून झालं होतं. "लक्षात आलं ना, मावशी?" तिनं विचारलं.

"मावशी नाही, आत्या. बापाकडची," आत्या म्हणाली, आणि प्रश्नाचं उत्तर तेवढ्यावरच राहिलं.

त्या दिवशी आत्यानं आपले सारे हक्क वापरले. गोळी आली की गोळीचं नाव विचारलं, रक्त घ्यायला आले तर किती घेणार आणि उरलेल्याचं काय करणार ते विचारलं. एका शिकाऊ डॉक्टरला तिनं सगळं ऑपरेशन दोनदा सांगायला लावलं, आणि मग म्हणाली, "छान सांगितलंत. आता हेच माणसांच्या भाषेत सांगा." त्यानं बिचाऱ्यानं कागदावर घसा काढून दाखवला. सिस्टरला मात्र याचं काही वाटलं नाही. विचारणारे नातेवाईक परवडतात, तिचं म्हणणं, मान डोलावणाऱ्यांचीच धास्ती वाटते.

फक्त सहीच्या वेळी आत्याचं बिनसलं. संमतीची सही आईची नाहीतर वडिलांची लागते. भाऊ कामावरून तसाच आला आणि रंगानं माखलेल्या बोटांनी सही करून गेला. ह्याच्या प्रगतिपुस्तकावर सह्या करायच्या मी, आत्या सिस्टरला ऐकवत राहिली, आणि आता ह्याची चालते नि माझी चालत नाही.

"सहीचा हक्क आईबापांचा, आत्या."

"आणि रात्रभर स्टुलावर बसून पाठ मोडायचा?"

"तो तुमचा."

संध्याकाळी भावजयीचा फोन आला. खोकत खोकत ती म्हणाली, की ताई, सकाळी ती मागेल, पण काही देऊ नका हं. आत्याला ते लागलं. मला सांगते, म्हणाली. ह्या पोरीच्या बापाला भरवलंय मी.

सकाळी घोरपड लवकर उठली. पाणी मागितलं, मग खाऊ मागितला, मग आई मागितली. आई देता येत नव्हती. मुलगी आवाज न करता, नाक ओढत रडू लागली. आरडाओरडा करणारं मूल आत्यानं सहज सांभाळलं असतं, पण हे तिला बघवेना. स्वतःच्या चहासाठी तिनं थर्मासमध्ये दूध आणलं होतं. खायला द्यायचं नाही हे तिला ठाऊक होतंच, ती काही अडाणी नव्हती. पण दूध म्हणजे पांढरं कुपन. घोटभर दिलं. मुलगी हसली. आईला सांगायचं नाही, असं दोघींचं ठरलं.

थोड्या वेळानं सिस्टर घाईघाईत येऊन विचारून गेली, "सकाळपासून खाल्लं नाही ना काही?" आणि आत्यानं अगदी स्वच्छ मनानं सांगितलं, "छे."

ऑपरेशनच्या खोलीबाहेर मुलीची चाकांची खाट थांबली. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला भाऊ. आतून भुलीची डॉक्टर आली. तरुण, किडकिडीत, डोक्यावर बदकांची चित्रं असलेली टोपी. तिनं मुलीला टोपीवरची बदकं मोजायला सांगितली. आत्यानं तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि ठरवलं, की हिला एक प्रश्न विचारलाच पाहिजे.

"आम्ही सगळं ऐकतो तुमचं," ती म्हणाली, "पण लेकराला उपाशी का ठेवायचं, हे कोणी सांगितलं नाही मला."

सिस्टरनं ते कालच सांगितलं होतं, खण अडकला होता तेव्हा. डॉक्टर काही घाईत दिसली नाही. तिनं सांगितलं, की आपण गिळतो तेव्हा घास श्वासाच्या नळीत जाऊ नये म्हणून घशात एक राखणदार असतो. भूल दिली की मुलाबरोबर तोही झोपतो. अशा वेळी पोटात काही असलं तर ते वर येऊन फुफ्फुसात उतरू शकतं. मूल गुदमरू शकतं, जिवावर बेतू शकतं.

"काही म्हणजे अन्न ना?"

"अन्न, दूध, बिस्किट. पाणी सोडून सगळंच. दुधाला तर तास न् तास लागतात पोटातून उतरायला."

आत्यानं मान डोलावली. भावाला वाटलं, पटलं. डॉक्टरलाही तसंच वाटलं असावं, तिनं दार ढकललं. दुधाची गोष्ट दोघींनाच माहीत होती आणि त्यातली एक बदकं मोजत होती. भाऊ आहे, भावजयीला कळणार, जन्मभर ऐकावं लागणार, हे सगळं आत्याच्या मनात येऊन गेलं. खाटेची चाकं हलली.

"थांबा," ती म्हणाली. आवाज कॅन्टीनमधला नव्हता. "मी दूध दिलंय हिला. सकाळी."

"किती?"

"घोटभर."

"घोटभर म्हणजे?"

आत्यानं क्षणभर विचार केला. "पेला."

"पेलाभर. आणखी काही?"

"दोन बिस्किटं. पण ती बुडवून. म्हणजे दुधातच धरा."

भाऊ नुसता म्हणाला, "ताई." डॉक्टरनं दार पुन्हा ओढून घेतलं. ती रागावली नाही. सांगितलंत ते बरं केलंत, म्हणाली, आज नको, उद्या करू. खाट वळवून परत वॉर्डात नेली. वाटेत घोरपड विचारत होती, की झालं का ऑपरेशन, मला तर कळलंच नाही.

बायकोला मी सांगतो, असं भाऊ म्हणाला. आत्यानं त्याच्या हातातून फोन घेतला आणि काही न वगळता, बिस्किटांसकट, सगळं स्वतःच सांगितलं. पलीकडून आधी खोकला आला.

"ताई, मी सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतंस. का ते नव्हतं सांगितलंस."

"मला तरी कुठे माहीत होतं?" भावजय म्हणाली.

रात्री सोबत कोण, हा प्रश्न निघाला. भाऊ म्हणाला, मी थांबतो. आत्यानं पिशवी भरायला घेतली होती. अंथरूण बदलत सिस्टर म्हणाली, की ठरवायचं तुम्ही घरच्यांनी, पण मला विचाराल तर आत्यांनाच राहू दे. त्यांना आता कारण माहीत आहे. भावानं पिशवी परत कपाटात ठेवली.

दुसऱ्या सकाळी घोरपडीनं काल मिळालेलं सगळं मागितलं. थर्मास आत्यानं आदल्या संध्याकाळीच भावाबरोबर घरी पाठवला होता. मुलगी रडली, रुसली, आणि शेवटी म्हणाली, "तू वाईट आत्या आहेस. मी घरी गेल्यावर दुसरी आत्या आणणार आहे."

"आण," आत्या म्हणाली, "पण ऑपरेशन झाल्यावर."

दारापाशी बदकांच्या टोपीनं विचारलं, काही खाल्लं-प्यायलं का. आत्यानं उत्तर तयारच ठेवलं होतं. रात्री जेवली, त्यानंतर दूध नाही, बिस्किट नाही, मधे उठून पाणी प्यायली ते सिस्टरना विचारून.

"आणि दात घासताना ती थोडी पेस्ट गिळते," आत्या म्हणाली. "ते पण लिहून घ्या."

डॉक्टरनं तेही लिहून घेतलं. घोरपडीनं आत्याकडे पाठ केली होती. आत्या तशीच तिची पाठ थोपटत आत गेली.