शेजारच्या सीटवरचा आवाज

आमच्या हिच्या थोरल्या बहिणीइतक्या वेगानं चुकीच्या ठिकाणी पोचणारी बाई उभ्या नागपुरात दुसरी सापडायची नाही. ताई परदेशातल्या मोटार-रॅलीत गाडी चालवतात. डोंगरातला कच्चा रस्ता, एका बाजूला दरी, आणि वेग असा की फोनवर नुसतं बघतानाही मी खुर्ची घट्ट धरतो. याच ताई शेजारच्या मनीषनगरच्या लग्नाला म्हणून बेसातून निघाल्या आणि थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोराडीला पोचल्या. तिथंही एक मांडव होता. त्यांनी नवरीला आहेर केला, दोनदा वडाभात घेतला आणि घरी येऊन म्हणाल्या, "तुमच्यातलं कोणीच कसं नाही दिसलं जी?"

चालवणाऱ्यानं रस्ता शोधायचा नसतो, हा त्यांचा बाणा. रॅलीत म्हणे शेजारी बसलेली पुढचं वळण आधीच ओरडून सांगते आणि चालवणारी तेवढं ऐकून गाडी फेकते. हा खेळच मला कधी उमगला नाही. गाड्या एकेक करून सुटतात, पुढं-मागं कोणी दिसत नाही आणि आधी पोचलेला पहिला असेलच असंही नाही. "मग शर्यत लावता कोणाशी?" असं मी विचारलं, तर ताईंनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

शेजारची जागा त्यांच्या कॉलेजपासूनच्या मैत्रिणीची. इतक्या वर्षांच्या धक्क्यांनी यंदा तिची पाठ गेली आणि डॉक्टरांनी रॅली कायमची बंद केली. ती नाही तर मीही नाही, असं ताईंनी जाहीर करून टाकलं. निदान सराव सुटू नये म्हणून आमच्या हिनं मला त्या जागेवर बसवलं. कोराडीकडच्या, वीजकेंद्राच्या राखेनं भरलेल्या रस्त्यावर मी अस्सल नागपुरी पद्धतीनं सांगू लागलो, "तो पानठेला दिसून राहिला न, तिथून थोडं समोर, मंग कोणालेही विचारा..." तोवर ठेला मागं पडला होता आणि गाडी तुरीत उभी होती.

"भाऊजी, ठेला काहून सांगता जी? वळण सांगा न!" ताई कडाडल्या. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून हळूच म्हणाल्या, "ती बोलते तवा मले भेव नाही लागत." मी आपला काचेवरची राख पुसत बसलो.

हे मैत्रिणीच्या कानावर गेलं. कमरेला पट्टा बांधून, भिंतीला धरत ती आमच्याकडे आली. "तू नाही गेली वं, त माही पाठ फुकट गेली," एवढंच ताईंना म्हणाली. ताई गेल्या. शेजारी तिकडचीच एक पोरगी बसणार होती.

रॅलीच्या दिवशी मैत्रीण आमच्या दिवाणावर आडवी पडली होती आणि फोन माझ्या हातात होता. ताईंची गाडी म्हणजे पडद्यावरचा एक सरकता ठिपका. हा रस्ता दोघींनी पूर्वी केलेला. डोळे मिटून ती पुटपुटत होती, "डावं... लांब डावं... आता उजवं," आणि ठिपका खरोखर तसाच वळत होता. मी थक्क. मग ती पुन्हा "उजवं" म्हणाली आणि ठिपका डावीकडे निघून गेला. ताई पुन्हा चुकल्या की काय, म्हणून मी घाईनं तिला सांगितलं, तशी तिनं डोळे उघडून बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"रस्ता बदलवला वाटते रॅलीवाल्यायनं," ती म्हणाली. ठिपका पुढं जातच होता. "बरं सांगून राहिली पोरगी."

त्यानंतर तिनं वळणं सांगणं सोडून दिलं आणि ती नुसता ठिपका बघत राहिली. मला फार वाईट वाटलं आणि आनंदही झाला. कोणासाठी काय वाटलं, ते अजूनही नीट सांगता येत नाही.