कोरी बाजू माह्याकडे

"मागे सर," कारकून म्हनला. "अजून मागे. तुझी सावली पडते आहे."

मी सरली. दोन्ही हातानं कागद छातीपुढं ताणून धरला होता. अक्षरं त्याच्याकडे, कोरी बाजू माह्याकडे. त्याच्या हातात वेताची छडी. तिच्या टोकानं तो मले दाखवे, इतकं लांब, इतकं वर. कागद हालला का छडी मनगटावर. मी नऊ-दहा वर्साची असन. गोऱ्याइच्या कॅम्पाच्या फाटकात, भर उन्हात, मी म्हंजे एक खुंटी होती. कागद टांगाची.

आमी त्याच कॅम्पात राहत होतो. अमरावतीच्या बाहेर, बडनेऱ्याच्या अंगाले. जर्मनीची लढाई चालू होती म्हून तिथं गोरी पलटन उतरली होती. बा पलटनीच्या खेचराइचा मोतद्दार, त्याइचं चारा-पानी, खरारा तोच करे. माय त्याइच्यासाठी गवत कापून आने, मी तिच्यासंगं. तबेल्यामागच्या पत्र्याच्या लाइनीत आमची खोली. आमी महार. इथं विहिरीवरून कोनी हाकलत नाई, असं बा म्हने. पन तो कारकून गावातूनच ये, चांगल्या घरचा, मान असलेला. आपलं पानी आपल्या तांब्यात घेऊन ये. आमची सावली तो रोज चुकवे.

मंग बेचाळीसच्या साली, 'चले जाव'च्या वक्ताले, सगळं पेटलं. रूळ उखडले, तारा तोडल्या, कुठंशी ठानं जाळलं. नागपूरहून हुकूम सुटले. कॅम्पाच्या एका कोपऱ्यात काटेरी तारेचं कुंपन घातलं न् खेड्यापाड्यातून धरून आनलेले मानसं त्यात बसवले. त्याइचं ओरडनं आमच्या खोलीत आयकू ये. माय माह्या कानावर हात ठेवे. कॅम्पाबाहेरचे आमाले म्हनत, हे गोऱ्याइचे कुत्रे. कॅम्पातले शिपाई म्हनत, हे बाहेरच्याइचे हेर. जावं कुठी?

फाटकात नवा नेम आला. सगळ्याइनं ओझं खाली टाकायचं, शिपाई त्यात संगीन खुपसनार. गवताचा भारा एकटीनं खाली टाकता येते, पुन्हा डोक्यावर घ्याले दुसरं मानूस लागते. शिपाई हात लावत नसत. मंग मी टाचा उचलून मायले भारा देत होती न् ती गुडघ्यावर बसून तो घेत होती. रोज. फाटकावरचा गोरा साहेब खुर्चीवरून पाहे.

आमच्या लाइनीत एक पेन्शनी म्हातारा राहे, पहिल्या लढाईतला, आमच्याच जातीचा. त्यानं मले अक्षरं शिकवली. पुस्तक कुठून आनावं? तो बोरूनं कागदावर धडा लिहून दे. मायनं दम भरला होता, वाचता येते हे कोनाले सांगू नको, कागदापायी लोकाइले धरून नेऊन राहिले. मी तो कागद चुलीत टाकाले पायजे होता. नाई टाकला. रानात वाचाले संगं नेला न् येतानी भाऱ्यात लपवला. माह्या नाई, मायच्या. कावून, तर तिचा भारा मोठा होता, सापडनार नाई असं वाटलं. तिले मालूमच नव्हतं. हे मी आजपर्यंत कोनाले सांगतलं नाई.

संगीन बाहेर निंगाली तं टोकाले कागद.

मायनं कागदाकडे पाह्यलं. काय हाये तेही तिले समजलं नव्हतं. तरी म्हनाली, "माहा हाये. पोरीचा काई संबंध नाई." शिपायानं तिचा दंड धरला.

साहेबानं कारकुनाले बोलावलं, वाच म्हनून. कारकुनानं दोन्ही हात मागं घेतले. आमच्या भाऱ्यातला कागद तो कसा धरन? शिपायाले खाली ठेव म्हनला. ठेवला तं वाऱ्यानं उडाला. मंग माह्याकडे पाह्यलं. तू धर.

म्हून मी धरला होता. तो डोळे बारीक करून पाहून राहिला. मान वाकडी केली, पुन्हा सरळ केली. मले समजलं, याले दिसून नाई राहिलं. चार पावलं पुढं आला असता तं दिसलं असतं. पन तो आला नाई. साहेबाकडे वळून म्हनला, "सरकार के खिलाफ है, साहेब."

बस, इतकंच. मायले तारेकडे ओढत नेलं. तिचे पाय मातीत घसटत होते. तिनं वळून मले पाह्यलं न् मान हालवली. गप्प राय. मले इतकं भेव लागलं का माह्या पायावरून ऊन पानी गेलं. सगळ्याइच्या देखत. एक शिपाई हासला. तारेच्या आत गेलेलं मानूस परत आलेलं मी पाह्यलं नव्हतं.

मी कागद फिरवला. अक्षरं माह्याकडे केली.

"आमची गाय," मी ओरडली. वाचली नाई, ओरडली. "गाय काळी आहे. गाय गवत खाते. गाय दूध देते. गाईला दोन..." तिथं संगिनीचं भोक पडलं होतं. मी थांबली. भोकातून कारकुनाचं तोंड दिसलं.

"शिंगं," मी म्हटलं. "गाईला दोन शिंगं असतात."

साताऱ्याकडचा एक हवालदार होता. तो माह्या मागं येऊन उभा राहिला, ओळींवरून बोट फिरवलं न् साहेबाले म्हनला, "बच्चों का सबक है, साहेब. गाय का." साहेब मोठ्यानं हासला. मायले सोडलं. साहेबानं खिशातून बिस्कूट काढून माह्यापुढं फेकलं. ते धुळीत पडलं. साहेबाले राग येईन म्हून माय पयत आली, वाकली, बिस्कूट उचलून माह्या हातात दिलं. मी ते होतं तिथंच खाली ठेवलं.

कारकुनाले कोनी इचारलं नाई का तू न वाचता कसं सांगतलं. तोच इचारून राहिला होता, "यांना वाचायला कोण शिकवतं?"

दुसऱ्या दिवशी आमचा कॅम्पात राहाचा पास बंद झाला, बाचं कामही गेलं. म्हाताऱ्याचाही. तो कुठी गेला, पुन्हा दिसला नाई. आमी बार्शीटाकळीले मामाकडे गेलो. वाटेत मायनं माह्या तोंडात हानली. म्हने, तुह्या वाचन्यानं आपली भाकर गेली. खरंच गेली. मी रडली नाई. थोड्या वेळानं ती म्हने, "गाईचं पुढं काय होतं?" मी सांगतलं नाई. मले तिचा राग आला होता, न् माहाही.

तो राग मी ठेवला. भेवही गेलं नाई, आजही हापिसात टेबलामागचा मानूस चष्म्यावरून पाहते तवा मनगट दुखते. पन त्या फाटकातून निंगाल्यापासून मी कोनापुढं कागद उलटा धरला नाई न् धरनार नाई. अक्षरं माह्याकडे राहतीन. वाचीन मी. ज्याले इटाळ होत असन त्यानं तिकडं लांब उन्हात उभं राहावं न् आयकावं.