काळविटासाठी स्थळ

लढाई संपल्यावर पहिल्याच रजेत मी आटपाडीकडच्या सासुरवाडीला गेलो आणि चहा निवायच्या आत जाहीर केलं, उद्या जेवायला हरणाचं मटण. मेव्हणी म्हणाली, "दाजी, कांदा आत्ताच चिरू, का तुमी परत आल्यावर?"

सकाळी सासऱ्यांची ठासणीची बंदूक घेऊन माळावर गेलो. पूर्वी इथे हरणांचे कळप उधळायचे. दुपारपर्यंत एक शेपटी दिसली नाही. मग मेंढरांत चरणारा काळवीट दिसला, पिळदार शिंगांचा, ऐटबाज. नेम धरला, तर त्याच्या पाठीवर मेंढरांसारखाच गेरूचा पट्टा. ज्याचा पट्टा त्याचं जनावर, हा आमच्या मुलखाचा कायदा. मी बंदूक खाली केली.

बाभळीखालून म्हातारा मेंढका म्हणाला, "शेळीच्या दुधावर वाढवलाय, पावणं. पट्टा हाय म्हणून जगलाय. पर तीन वरसं झाली, माळावर मादी न्हाई. ह्यो गेला की सपलं. तुमी जग फिरलाय, कुटं एखादी दिसली तर सांगा. मेंढरं घेऊन तिकडंच येतो."

जग फिरलेला माणूस नाही कसं म्हणणार? "आठ दिवसांत स्थळ आणतो," मी म्हणालो.

घरी मेव्हणीनं एवढंच म्हटलं, "कांदा वाचला."

आठही दिवस मी सायकल हाणली. खानापूर, कडेगाव, औंध. प्रत्येक पारावर मी वधूची चौकशी करायचो आणि गाव खूश व्हायचं.

"नवरा करतो काय?"

"मेंढरांत असतो. निर्व्यसनी. शिंगं दीड हात."

"उशीर केलासा गड्या. आमच्याकडची मोटारीतल्या शिकाऱ्यांनी नेली."

औंधजवळ एका घरी मला बसायला हरणीचं कातडं अंथरलं. घरची बाई कौतुकानं म्हणाली, "आमच्या मालकांनी मारली, गेल्या उन्हाळ्यात. मागनं एक बी दिसली न्हाई." मी चहा उभ्यानंच प्यालो.

परतताना वाटेत झकास थाप रचली होती, बोलणी चालू आहेत म्हणून. थापा मारण्यात मी कधी कमी पडलेलो नाही.

म्हाताऱ्यानं विचारलं, "किती गावं झाली?"

"अकरा. औंधाकडं एक होती."

"होती?"

"होती."

त्यानं गेरू भिजवला आणि काळविटाच्या पाठीवरचा पट्टा पुन्हा गडद केला. शिंगं मी धरली होती.