धुतलेल्या दुधाच्या पिशव्या

आमच्या प्रयोगशाळेतलं प्लॅस्टिक तापवलं की ज्या रेणूंपासून ते बनलं, ते रेणू पुन्हा सुटे होतात आणि त्यांचं नवं प्लॅस्टिक करता येतं. हे मी आईला सांगितलं आणि तिनं वडगावच्या आमच्या अख्ख्या गल्लीला. तेव्हापासून बायका दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून आमच्याकडे आणून देऊ लागल्या. सगळ्या माझं कौतुक करायच्या, म्हणून खरं सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. शेवटी पोतं भरलं.

"आई, ह्या पिशव्या आमच्या कामाच्या न्हाईत. आमचं प्लॅस्टिक मुळातच सुटं होईल असं बनवलेलं असतं. आणि ते अजून चिमूटभरच झालंय."

मागावर तुटलेला धागा जोडणारी आई थांबली. "मग आधी सांगायचं न्हाईस व्हय? लई मन लावून धुतल्यात गं त्यांनी."

"मी सांगते त्यांना."

"आत्ता नगं. समोरची आक्का दारातच हाय. आज घेऊन जा."

मी पोतं स्कूटरला बांधलं. तेवढ्यात आक्का लगबगीनं आल्या आणि आणखी एक पिशवी माझ्या हातात दिली.

"आत्ताच धुतली बघ, ओली हाय अजून. चालंल न्हवं?"

"चालतंय, आक्का," मी म्हणाले.