मोहाच्या दिवसांतला आठचा पेपर

‘एक पुस्तक, एक प्रश्नपत्रिका आणि एक घंटा असली की देश एक होतो.’ तालुक्याच्या प्रशिक्षणात साहेबांनी हे वाक्य दोनदा म्हटलं आणि मी ते वहीत दोनदा उतरवलं. आमच्या शाळेला घंटा नाही. ट्रॅक्टरच्या चाकाची लोखंडी रिंग झाडाला टांगली आहे, ती दगडाने वाजवतो. तेवढं सोडलं तर माझा त्या वाक्यावर विश्वास होता.

त्याला कारण होतं. माझा बाप सिंदेवाहीकडे दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान रोवायचा. आमच्या बौद्ध वस्तीतल्या पोरांना कोणी वेगळं, हलकं पुस्तक दिलं नाही, म्हणून मी गुरुजी झालो. ‘यांना यांच्यापुरतं शिकवा’ म्हणणाऱ्यांकडे मी आजही संशयाने पाहतो. पुस्तकाबद्दल माझी तक्रार नाही. घड्याळाबद्दल आहे.

माझी शाळा गडचिरोलीच्या जंगलात. शिक्षक एकटा मी आणि वर्ग पाचवीपर्यंत. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. पहाटेपासून दहापर्यंत फुलं पडत राहतात आणि सगळं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली असतं. त्या तीन आठवड्यांत मी शाळा दहाला भरवायचो आणि हजेरीत सात लिहायचो. हजेरीपुस्तकाने कधी हरकत घेतली नाही.

यंदा पाचवीचा पेपर सगळीकडे एकाच वेळी, सकाळी आठला होता. परीक्षेला बसलेल्या मुलांचा फोटो आठ वाजून पाच मिनिटांच्या आत मोबाइलवरून पाठवायचा. पाचवीत माझ्याकडे एकच मुलगी. पास झाली तर तालुक्याच्या वसतिगृहात सहावीची जागा, नाही तर घरी. हे तिच्या आईनेच सांगून ठेवलं होतं.

आईच्या पायाला काटा लागून तो सुजला होता. तिला खाली बसता येत नव्हतं, म्हणून मोह वेचणं पोरीवर आलं होतं. पेपरच्या आदल्या दिवशी मी तिच्या अंगणात गेलो.

“बाई, उद्या एक दिवस पोरीला सोडा.”

“मोह एक दिवस थांबते का, गुरुजी? गाईढोरं खाऊन टाकतात. वर्षाचं मीठ-तेल त्याच्यातच हाय.”

“शेजारची बाई नाही वेचणार?”

“आमच्या झाडाखालचं ते काऊन वेचंल?” तिला माझ्या शिक्षणाची कीव आली असावी. इथे प्रत्येक झाड कोणाचं ते ठरलेलं असतं आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. मदत म्हणूनसुद्धा नाही. इतक्या प्रामाणिक गावात माझी पंचाईत झाली.

“मग मी वेचतो,” मी म्हणालो. “दोघं वेचू. आठच्या आत टोपली भरते.”

तिने माझ्या पँटकडे पाहिलं. “भरली तर जाईल पोरगी. नाई भरली तर नाई.”

पहाटे मी झाडाखाली हजर झालो. मुलगी आधीच वाकलेली होती. खालचा पालापाचोळा तिने आदल्या दिवशी झाडून जाळला होता, त्या काळ्या जमिनीवर फुलं मोत्यांसारखी दिसतात, असं मी मनात लिहून ठेवलं.

“गुरुजी, तुमी फुलायवरच उभे हा.”

मी सरकलो.

“आता तिकडच्यायवर.”

फुलांबरोबर मी पानंही उचलत होतो, ती माझी ओंजळ पुन्हा निवडत होती. म्हणजे माझ्यामुळे तिचं काम वाढलं होतं. सात वाजता टोपली अर्धी होती. साडेसातला मी म्हणालो, “चल, एवढं पुरे.”

“मायले टोपली भरतो म्हणून सांगतलं ना तुमी?”

“मी समजावतो तिला.”

“काल तुमीच सांगतलं, अन् आज तुमीच नाई म्हणून राह्यले.” ती वेचतच राहिली. दिलेला शब्द पाळावा, हा धडा तिला मीच शिकवला होता, पुस्तकातला, सगळीकडे सारखाच असलेला. मी खाली वाकलो. कंबर दुखत होती आणि वर पाहिलं की आणखी फुलं पडताना दिसायची.

टोपली भरली तेव्हा आठला पाच कमी होते. आम्ही पळालो. ती टोपली डोक्यावर घेऊन पुढे, मी रिकाम्या हाताने मागे. शाळेत पोचलो, फोटो काढला, पाठवला. आठ वाजून अकरा मिनिटं. पडद्यावर तिच्या क्रमांकापुढे ‘अनुपस्थित’ आलं होतं.

मी केंद्रप्रमुखांना फोन लावला. “सर, मुलगी माझ्यासमोर बसली आहे.”

“असेल ना. पण तिकडे अनुपस्थित आहे.”

“तुम्ही येऊन बघा.”

“मी पाहून काय होणार? वेळ सगळ्यांना एकच आहे, गुरुजी. तुमच्या गावासाठी वेगळी लावू का?”

माझंच मत मला परत मिळालं. फोन ठेवला तर ती पेन्सिलीला टोक करत बसली होती. “सुरू करू?” तिने विचारलं. मला नाही म्हणता आलं नाही. तिने पूर्ण पेपर सोडवला. ‘सकाळी उठल्यावर तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला तिने दीड पान लिहिलं. मी तपासला. ती चांगल्या गुणांनी पास होती. तो पेपर माझ्या कपाटात आहे, वसतिगृहाला तो चालत नाही.

त्यानंतर मी दोन अर्ज केले, एकदा तालुक्याला जाऊन बाकावर दिवसभर बसलो. शेवटी उत्तर आलं, की अनुपस्थितांसाठी फेरपरीक्षा आहे, विद्यार्थिनीने निश्चिंत राहावं.

वेळापत्रक सोबत जोडलं होतं. मे महिना, बिडीसाठी तेंदूपत्ता तोडायला सगळं गाव पहाटेच जंगलात जातं तो पहिला आठवडा, सकाळी आठ.